पुरातून निघालेली मोटार: मेगर लावल्याशिवाय लाइट देऊ नका

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की काठावरच्या गावांची झोप उडते. चेनपुली, दोर, ट्रॅक्टर घेऊन माणसं रात्रीच नदीला जातात आणि मोटारी वर ओढून आणतात. ज्याला जमतं त्याची मोटार वाचते. 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी शेतात शिरलं की उरलेल्या मोटारी, स्टार्टर, केबली सगळं गढूळ पाण्याखाली जातं. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांनंतर माझ्या दुकानापुढं अशा मोटारींची रांग लागली होती. मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, माझं काम. पण त्या रांगेतल्या कितीतरी मोटारी भरायची वेळ पुरामुळं आलीच नव्हती. पाणी ओसरल्यावर घाईनं लाइट दिल्यामुळं आली होती.

लाइट बंद असताना बुडालेली मोटार बहुतेक वेळा वाचवता येते. पाण्यानं तांबं विरघळत नाही, लोखंडाला चार दिवसांत भोकं पडत नाहीत. तिचा घात होतो तो पहिल्यांदा बटन दाबल्यावर. मोटार वरून कोरडी दिसते, हात फिरवला तर सुकी धूळ लागते, पंखा हातानं गरगर फिरतो. मालक म्हणतो, झाली वाळून. आत वेटोळ्यांच्या फटींत ओल तशीच असते. स्टार्टर दाबल्यावर धूर निघाला तर पैशाचं नुकसान. धूर न निघता मोटार चालू झाली तर कधी कधी त्याहून वाईट, कारण तिच्या बॉडीला करंट उतरलेला असू शकतो आणि ते कळतं कुणीतरी अनवाणी, चिखलात उभं राहून तिला हात लावल्यावर.

मोटार वाळली की नाही हे हाताला कळत नाही, डोळ्याला कळत नाही. त्यासाठी मेगरच लावावा लागतो. तो कसा लावायचा, त्याचा आकडा कसा वाचायचा आणि आकडा वाईट आला तर पुढं काय करायचं, ते इथं क्रमानं लिहितो. थ्री फेज, 3 ते 15 एचपीची, जमिनीवर बसवायची मोटार डोळ्यांसमोर धरली आहे. काम परवानाधारक वायरमननंच करावं. पण मालकानं शेजारी उभं राहून आकडा विचारावा, म्हणून हे दोघांसाठी आहे.

हा आकडा कशाचा

वीज तांब्यातून जावी आणि लोखंडात उतरू नये म्हणून मोटारीत मध्ये पातळ पडदे असतात. तारेवरचा इनॅमलचा थर, खाचेत घातलेला कागद, वरून पाजलेलं वार्निश. हे सगळे पडदे मिळून करंटला जो विरोध करतात तो इन्सुलेशन रेझिस्टन्स. तो मेगओहममध्ये मोजतात. 1 मेगओहम म्हणजे 10 लाख ओहम. चांगल्या, कोरड्या मोटारीत हा आकडा शेकड्यांत असतो. पुरातून नुकत्याच काढलेल्या मोटारीत काटा शून्याला टेकलेला असतो.

मेगर या पडद्यावर 500 व्होल्टचा डीसी दाब देतो, पलीकडे किती करंट झिरपतो ते पाहतो आणि त्यावरून विरोध दाखवतो. 500 व्होल्टला 1 मेगओहम म्हणजे अर्धा मिलिअँपिअर गळती. हे 500 उगीच ठरलेले नाहीत. 415 व्होल्टच्या थ्री फेज लाइनमध्ये फेज आणि बॉडी यांच्यात 240 व्होल्ट असतात, पण एसीची लाट दर वेळी शिखरावर सुमारे 339 व्होल्टपर्यंत चढते. पडदा रोज जे सोसतो त्याहून थोडं जास्त देऊन त्याची परीक्षा घ्यायची. धडधाकट पडद्याला त्यानं काही होत नाही. मेगर हे मुळात इंग्लंडमधल्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स या कंपनीनं 1903 साली नोंदवलेलं व्यापारी नाव. आता कुठल्याही कंपनीचं यंत्र असलं तरी आपण त्याला मेगरच म्हणतो.

मल्टिमीटर असताना मेगर कशाला, असं पोरं विचारतात. मल्टिमीटर आपल्या सेलवर चालतो, त्याचा दाब काही व्होल्टांचा. पडद्याला गेलेला बारीक तडा त्या दाबाला बंदच वाटतो आणि 240 व्होल्टला उघडा पडतो. मल्टिमीटरनं शून्य दाखवलं तर मोटार खराब आहे हे नक्की. त्यानं चांगलं दाखवलं म्हणून मोटार चांगली ठरत नाही.

आणि सिरीज लॅम्प. आमच्या धंद्यात बॉडी तपासायला अजूनही बल्ब लावतात: एक वायर वाइंडिंगला, दुसरी बॉडीला, मध्ये 100 वॉटचा बल्ब, पेटला नाही तर मोटार ओके. हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. 100 वॉटचा बल्ब 240 व्होल्टवर पूर्ण पेटायला सुमारे 420 मिलिअँपिअर लागतात. समजा ओलीमुळं वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला विरोध 10 हजार ओहमवर आला आहे. मग बल्बमधून जेमतेम 24 मिलिअँपिअर जातील. तेवढ्यात बल्बची तार लालसुद्धा होत नाही. दुकानदार म्हणेल, ओके. आता तीच मोटार शेतात चालू आहे, अर्थिंगची वायर गंजून तुटलेली आहे, आणि ओल्या मातीत उभं राहून एकानं तिला हात लावला. ओल्या अंगाचा विरोध 1 हजार ओहम धरला तर त्याच्या शरीरातून जवळपास 22 मिलिअँपिअर जातील. साधारण 10 ते 15 मिलिअँपिअरच्या पुढं स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. जो करंट बल्बला जाणवत नाही तो माणसाचा हात सोडत नाही. शिवाय हा बल्ब लावताना तपासणाराच मोटारीला मेन लाइनचा करंट देत असतो, तो धोका वेगळा. बॉडी तपासायला बल्ब लावणं बंद करा, असं मी माझ्या प्रत्येक पोराला सांगतो.

मेगर लावण्याआधी

पहिली गोष्ट लाइट तोडण्याची. शेतीची थ्री फेज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. पुरानंतर तर तारा ओढून झाल्या की न सांगता-सवरता लाइट येते. म्हणून ‘आत्ता लाइट नाही’ या भरवशावर वायरला हात लावायचा नाही. मेन स्विच पाडा, तिन्ही किटकॅट काढा आणि स्वतःच्या खिशात टाका. खोपीच्या कोनाड्यात ठेवलेला किटकॅट दुसरा कुणीतरी भल्या मनानं परत बसवतो. मग स्टार्टरच्या पुढच्या बाजूला तिन्ही फेज तपासा, एकमेकांत आणि अर्थशी. नुसत्या टेस्टरच्या दिव्यावर विसंबू नका, मीटर लावा.

मोटारीला कपॅसिटर असेल तर तो सोडवा. सोडवण्याआधी त्याचा साठा उतरवा, कारण लाइट गेल्यावरही त्यात करंट राहतो. कपॅसिटर जोडलेला ठेवून मेगर लावला तर आकडा मोटारीचा येत नाही.

हल्ली स्टार्टरच्या पेटीत ऑटो स्विच, मोबाईलवरून मोटार चालू करायचं कार्ड, सिंगल फेज प्रिव्हेंटर असं बरंच काही बसवलेलं असतं. या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना 500 व्होल्ट सोसत नाहीत. स्टार्टरकडून मेगर मारला आणि मोटार चांगली निघाली पण कार्ड उडालं, असं होतं. त्यामुळं नियम एकच ठेवा: मोटारीच्या टर्मिनल पेटीतून केबलच्या वायरी सोडवायच्या आणि मोटारीला एकटी पाडायची. सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा किंवा वायरींना चिकटपट्टीच्या खुणा करा. जोडताना फेज उलटला तर पंप उलटा फिरेल.

स्टार-डेल्टा मोटारीत सहा टोकं बाहेर येतात. त्यांच्यावरच्या पितळी पट्ट्या, म्हणजे लिंक, असतील तर त्याही काढा. लिंक तशाच ठेवल्या तर तिन्ही वाइंडिंग एकमेकांना जोडलेलीच असतात. बॉडीचा आकडा येईल, पण फेज ते फेज लावल्यावर काटा शून्यावर जाईल. नवीन पोरगा घाबरतो आणि मालकाला सांगतो, मोटार गेली. मोटार गेलेली नसते, लिंक राहिलेली असते. तीनच टोकं बाहेर असलेल्या मोटारीत जोडणी आतच केलेली असते. तिथं फेज ते फेज मेगर लागू होत नाही, बॉडीचा आकडा तेवढा घ्या.

आता टर्मिनल प्लेट. पुराचा गाळ या प्लेटवर बसतो, बोल्टांच्या मधल्या फटींत भरतो आणि ओला असेल तर तोच करंटला वाट देतो. आत वाइंडिंग बरं असूनही आकडा शून्याजवळ येतो. म्हणून आधी ब्रशनं गाळ काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, हवा मारून सुकवा, मग मेगर काढा. मोठ्या मेगरला गार्ड नावाचं तिसरं टर्मिनल असतं, ते असा पृष्ठभागावरून पळणारा करंट मोजणीतून वगळण्यासाठी. पण आपल्या मापाच्या मोटारीला स्वच्छ फडकं पुरतं.

मेगर लावताना

आधी मेगरचीच परीक्षा. दोन्ही वायरी मोकळ्या हवेत धरून फिरवा, काटा अनंतावर गेला पाहिजे. टोकं एकमेकांना टेकवून अलगद फिरवा, शून्य आलं पाहिजे. मोकळ्या वायरींवरच काटा खाली येत असेल तर वायरींचं रबर गेलेलं आहे. अशा मेगरनं चांगली मोटारही खराब ठरते.

अर्थची वायर मोटारीच्या बॉडीला. बॉडी रंगवलेली असते, गंजलेली असते. एखादा बोल्ट पॉलिश पेपरनं चकचकीत घासा आणि तिथंच चिमटा लावा. रंगावर लावलेला चिमटा छान मोठा आकडा देतो, आणि तो खोटा असतो. लाइनची वायर पहिल्या वाइंडिंगच्या टोकाला. सहा टोकांच्या मोटारीत उरलेल्या दोन वाइंडिंगांची टोकं एका तारेनं बॉडीला बांधून टाका. दोन्ही वायरी एकमेकींना पिळून किंवा ओल्या जमिनीवर लोळत ठेवू नका, हवेत सुट्या ठेवा.

मोटार पुरातली आहे आणि यंत्रावर 250 व्होल्टची सोय आहे, तर पहिला आकडा 250 वर घ्या. ओलं इन्सुलेशन आधीच दुबळं असतं, त्याला पहिल्याच झटक्यात पूर्ण दाब देण्यात शहाणपण नाही. तो आकडा 1 मेगओहमच्या वर आला तर 500 वर जा.

हाताचा मेगर असेल तर दांडा मिनिटाला साधारण 160 फेऱ्यांनी फिरवायचा. त्या वेगाच्या पुढं आतला क्लच घसरू लागतो आणि व्होल्टेज स्थिर राहतं, ते हाताला जाणवतं. बॅटरीचा असेल तर बटन दाबून धरायचं. आणि पूर्ण एक मिनिट थांबायचं. सगळ्यात जास्त चूक इथं होते. पाच-सहा सेकंद फिरवून काटा जिथं दिसला तो आकडा लोक सांगतात. सुरुवातीला वाइंडिंग चार्ज होत असतं, म्हणून करंट जास्त खेचतं. मग पडदा हळूहळू भरतो आणि शेवटी खरी गळती तेवढी उरते. कोरड्या मोटारीत काटा त्या मिनिटभर वर चढत जातो. म्हणून 30 सेकंदांचा आकडा लिहा आणि 60 सेकंदांचा लिहा. दोन्ही.

मोजताना वायरीच्या उघड्या टोकांना हात लावू नका. मेगरचा करंट थोडा असला तरी झटका जोरात बसतो, आणि झटक्यानं दचकून माणूस विहिरीच्या काठावरून मागं जाऊ शकतो. थांबल्यावर वाइंडिंगमध्ये साठा राहतो. ज्या टोकावर मोजलं ते टोक बॉडीला टेकवून ठेवा. मोजायला जेवढा वेळ लागला त्याच्या चौपट वेळ, म्हणजे चार मिनिटं. बॅटरीचे बरेच मेगर हे आपोआप करतात, तरी तार टेकवायची सवय सोडू नका.

असंच दुसरं वाइंडिंग, तिसरं वाइंडिंग. मग बॉडीला बांधलेली तार सोडून पहिलं ते दुसरं, दुसरं ते तिसरं, तिसरं ते पहिलं. सहा आकडे झाले.

आकडा काय सांगतो

1 मेगओहमच्या खाली आकडा असेल तर लाइट द्यायची नाही. यात तडजोड नाही, पीक वाळत असलं तरी नाही. 415 व्होल्टच्या मोटारीला 1 ही अगदी तळाची रेघ आहे, पास होण्याचे गुण नव्हेत. अशा लहान, सुट्या तारेनं भरलेल्या मोटारींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 43 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत 40 अंश सेल्सिअसला किमान 5 मेगओहम सांगितले आहेत. मी स्वतः पुरातली मोटार 10 च्या वर गेल्याशिवाय मालकाच्या हवाली करत नाही, कारण तिला खोपीतल्या दमट हवेत परत जायचं असतं.

आकड्यासोबत तपमान लिहिलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. साधारण दर 10 अंशांनी तापमान वाढलं की इन्सुलेशनचा विरोध निम्मा होतो. थंडीच्या सकाळी 20 अंशांना तुम्हाला 8 मेगओहम मिळाले. 40 अंशांना तेच इन्सुलेशन 2 दाखवेल. म्हणजे वर सांगितलेल्या 5 ला ते नापास आहे. उलट, भट्टीतून काढलेली मोटार 60 अंशांना 2 दाखवत असेल तर 40 ला ती 8 आहे आणि पास आहे. गरम मोटारीचा लहान आकडा पाहून घाबरायचं नाही, गार मोटारीचा मोठा आकडा पाहून हुरळायचं नाही.

नदीकाठी आणखी एक गोष्ट असते, दव. पहाटे मोटारीचं लोखंड हवेपेक्षा गार असतं, त्यावर आणि आत वाइंडिंगवरही पाणी साचतं. तेव्हा घेतलेला आकडा मोटारीचा कमी आणि दवाचा जास्त असतो. ऊन वर आल्यावर, लोखंड हाताला कोमट लागल्यावर मोजा.

आता त्या दोन आकड्यांकडे या. 60 सेकंदांच्या आकड्याला 30 सेकंदांच्या आकड्यानं भागा. कोरड्या मोटारीत उत्तर 1 पेक्षा बरंच वर येतं. 1 च्या आसपास येत असेल, म्हणजे काटा पहिल्या काही सेकंदांत जिथं बसला तिथंच चिकटला, तर आत ओल किंवा घाण आहे. काटा वर न चढता खाली येऊ लागला तर लगेच थांबा. मोठ्या मोटारींना हीच तुलना 1 मिनिट आणि 10 मिनिटांच्या आकड्यांत करतात. आपल्या लहान मोटारीत पडदा इतक्या लवकर भरतो की 10 मिनिटं फिरवून नवं काही कळत नाही.

आणि तिन्ही वाइंडिंगांची आपसांत तुलना. तिन्ही 3, 3, 3 असतील तर मोटार ओली आहे, वाळवा. दोन 80 च्या आसपास आणि एक 0.2 असेल तर तिथं ओलीचा नाही, जखमेचा प्रश्न आहे. कुठं तरी खाचेच्या तोंडाशी कागद फाटला आहे किंवा उंदरानं कुरतडलं आहे. ती मोटार कितीही वाळवली तरी वर येणार नाही. उघडून जागा शोधावी लागेल.

वाळवणं

आकडा वाईट आला की लोक मोटार उन्हात ठेवतात. ऊन वाईट नाही, पण त्याआधी एक काम राहतं, ते धुण्याचं. ऐकायला उलटं वाटेल: ओल्या मोटारीला अजून पाणी कशाला? पुराच्या पाण्यात माती असते, शेतातली खतं असतात, गावातलं सांडपाणी असतं. हे क्षार वाइंडिंगवर बसतात. चिखलासकट मोटार वाळवली तर कडक उन्हात मेगर उत्तम आकडा देतो, मालक खूश होतो. रात्री हवा दमट झाली की ते क्षार ओल ओढून घेतात आणि आकडा पुन्हा कोसळतो. दिवसा चांगली आणि पहाटे बॉडीला करंट, अशा मोटारींचं कोडं बहुतेक वेळा इथंच सुटतं. म्हणून मोटार उघडा, रोटर बाहेर काढा, बेअरिंगं काढा, आणि वाइंडिंग स्वच्छ, गोड्या पाण्यानं हळू धारेनं धुवा. गाळ निघून निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. गाडी धुवायच्या पंपाचा जोराचा फवारा नको, तो तारेवरचा पडदाच सोलतो. बेअरिंगमध्ये गाळ गेलेला असतोच. नवी घाला, निदान धुऊन नवं ग्रीस भरा.

निथळल्यावर ऊब. वाइंडिंगच्या दुकानात भट्टी असते. ती नसेल तर पत्र्याची किंवा लाकडी पेटी करून आत 100-200 वॉटचे जुने तारेचे बल्ब लावतात. बल्ब वाइंडिंगला टेकू देऊ नका, आणि पेटीला वर भोकं ठेवा. वाफेला बाहेर जायला वाट नसेल तर मोटार स्वतःच्याच वाफेत शिजते. तापमान हळूहळू चढवा आणि वाइंडिंग 80 ते 90 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. एकदम तापवलं तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती इन्सुलेशन फोडत बाहेर येते. ब्लो लॅम्पनं किंवा शेकोटीवर मोटार शेकणारे मी पाहिले आहेत. ते वाळवणं नव्हे, वार्निश जाळणं आहे.

वाळवत असताना दर दोन तासांनी मेगर लावून आकडा लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि याच वेळी माणसं हिंमत सोडतात, कारण पहिल्या काही तासांत आकडा वाढण्याऐवजी उतरतो. समजा गार असताना 0.5 होता, तापवल्यावर 0.2 होईल. मोटार बिघडली नाही. एक तर तापल्यानं विरोध कमी होतो, हे वर पाहिलं; दुसरं, खोल खाचेत दबलेली ओल उबेनं सुटून सगळीकडे पसरते. ती बाहेर पडू लागली की आकडा तळ सोडतो, 1, 4, 15 असा भराभर चढतो आणि शेवटी एका जागी थबकतो. चढता आहे तोवर मोटार ओली आहे. चार-सहा तास, त्याच तापमानाला, आकडा हलला नाही म्हणजे वाळली. पहिल्यांदा 1 ओलांडलेला आकडा पाहून मोटार पेटीतून काढणं ही घाईची दुसरी चूक.

मग ऊब असतानाच वार्निश पाजा आणि पुन्हा भाजून घ्या. मोटार पूर्ण गार होऊ द्या, एक रात्र उघड्या हवेत ठेवा आणि सकाळी ऊन आल्यावर मेगर लावा. या आकड्यावर मी विश्वास ठेवतो.

केबल आणि स्टार्टर

मोटार चांगली करून जुन्या केबलला जोडली आणि पुन्हा बॉडीला करंट, असंही होतं. केबल दोन्ही बाजूंनी सोडवून वेगळी मेगर करा: प्रत्येक वायर इतर दोघींशी आणि प्रत्येक वायर जमिनीशी. चपट्या केबलीचं प्लास्टिक पाण्याला दाद देत नाही. पाणी शिरतं ते जॉइंटमधून, चिकटपट्टी गुंडाळलेल्या. पुरात बुडालेला जॉइंट वाळवत बसू नका, कापून टाका आणि नवा करा. स्टार्टरची बॅकेलाइटची प्लेट चिखल पिऊन फुगली असेल तर तीही बदला.

मेगरला न कळणाऱ्या गोष्टी

एकाच वाइंडिंगचे दोन वेढे आतल्या आत एकमेकांना चिकटले असतील तर मेगर ते सांगत नाही. बॉडीपासून ते दोघंही दूरच असतात. त्यासाठी तिन्ही वाइंडिंगांचा ओहम मल्टिमीटरवर किंवा ब्रिजवर मोजून सारखा आहे का ते पाहा, आणि चालू केल्यावर तिन्ही फेजचे अँपिअर क्लॅम्प मीटरनं तपासा. तार तुटली असेल तरी मेगर उत्तम आकडा देईल.

अर्थिंग चांगलं आहे की नाही हेही मेगर सांगत नाही. इन्सुलेशनचा विरोध जितका मोठा तितका चांगला, अर्थिंगचा जितका लहान तितका चांगला. अर्थिंगचं यंत्र वेगळं, ते अर्थ टेस्टर. पुरानंतर अर्थच्या खड्ड्यातली माती वाहून जाते, पट्टी उघडी पडते, वायर तुटते. मेगरचा आकडा 100 आला तरी अर्थिंग पाहिल्याशिवाय लाइट देऊ नका. पडदा उद्या फाटला तर माणसाला वाचवणारी तेवढीच एक तार आहे. स्टार्टरच्या आधी 4 पोलचा, गळतीवर लाइट पाडणारा आरसीसीबी बसवता आला तर जरूर बसवा. 30 मिलिअँपिअरचा माणसाच्या रक्षणासाठी असतो. लांब ओल्या केबलीवर तो सतत पडत असेल तर त्याला बायपास करू नका, केबल मेगर करा.

राहिली वही. एका दिवसाचा एक आकडा फार काही सांगत नाही. गेल्या वर्षी 200, यंदा 120, पुढच्या वर्षी 30, ही उतरण मोटार जळण्याच्या आधी दोन हंगाम सांगून ठेवते, आणि 30 हा आकडा एकटा पाहिला असता तर कुणीही ओकेच म्हटलं असतं. तारीख, तापमान, सहा आकडे, एवढंच लिहायचं. यंदा मे महिन्यात, नदी उतरलेली आणि मोटार चालती असतानाच, वायरमनला बोलावून एकदा मेगर लावून घ्या, आणि ते आकडे स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून पक्क्या शाईनं लिहून ठेवा. पूर येऊन गेल्यावर तुलनेला तेच लागतील.